स्नोक्वाल्मीच्या घळीतलं झुडूप: सिटका ऑल्डर कसा ओळखावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्टमध्ये तुम्ही सिएटलहून स्नोक्वाल्मी खिंडीत गेलात आणि अल्पेंटलच्या वाहनतळावरून स्नो लेकची वाट धरलीत. मध्येच जंगल संपून उघडा, तीव्र उतार लागला. वरून पाणी झिरपत होतं आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या झुडपांची दाट जाळी होती. पानं दातेरी, फांद्यांना इवले लाकडी शंकू. फोनमधल्या अ‍ॅपनं एका फोटोला रेड ऑल्डर म्हटलं, दुसऱ्याला माउंटन ऑल्डर आणि तिसऱ्याला बर्च (ऑल्डर आणि बर्च ही थंड प्रदेशातली, एकाच कुळातली झाडं-झुडपं). यातलं खरं कोणतं, आणि सिक्कीमला वेलचीच्या बागेत पाहिलेल्या उत्तीस नावाच्या झाडाशी याचं काही नातं आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

तिन्हीपैकी एकही नाही. तुम्ही पाहिलेलं झुडूप सिटका ऑल्डर आहे. कास्केड पर्वतातल्या ओल्या, बर्फाळ उतारांवरचं हे इथलं मूळचं झुडूप. जुन्या पुस्तकांत ते अल्नस सिन्युएटा या नावानं भेटतं, नंतरच्या ग्रंथांत अल्नस व्हिरिडिसची सिन्युएटा ही उपजाती म्हणून, आणि आता काही याद्यांमध्ये अल्नस अल्नोबेटुला या नावाखाली. पुढच्या वेळी अ‍ॅपनं ‘ग्रीन ऑल्डर’ म्हटलं तर ते उत्तर बरोबर धरा. ग्रीन ऑल्डर ही मोठी जाती आहे, युरोपच्या आल्प्सपासून अलास्कापर्यंत पसरलेली, आणि सिटका ही तिची पश्चिम अमेरिकेतली उपजाती. गिर्यारोहक मंडळी तिलाच स्लाइड ऑल्डर म्हणतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी दोन नुसत्या पानांचे आहेत आणि अ‍ॅप तिथे सहज चुकतं. एकाच झुडपावर सावलीतलं पान मोठं आणि मऊ असतं, उन्हातलं लहान आणि राठ, आणि बुंध्यातून फुटलेल्या नव्या फोकावरचं तर भलतंच मोठं. म्हणून माझ्याबरोबर डोंगरात येणाऱ्यांना मी ऑल्डरच्या बाबतीत पानापासून सुरुवात करू देत नाही. आधी डोळा बघायचा, मग शंकूचा देठ, आणि पान सगळ्यात शेवटी.

डोळा म्हणजे द्राक्षबागेत म्हणतात तोच, पानाच्या देठाच्या बगलेत बसलेला पुढच्या वर्षीचा कोंब. ऑगस्टपर्यंत तो चांगला भरलेला असतो. फांदीचा शेंडा हलकेच खाली वाकवा, तोडू नका, आणि वरच्या तीन-चार पानांच्या बगला तपासा. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असलं तर फारच छान, नसलं तरी काम अडत नाही. सिटका ऑल्डरचा डोळा थेट फांदीवर टेकलेला असतो. त्याला देठ नसतो, असला तर नावापुरता. लांबी साधारण सेंटीमीटरभर, टोक अणकुचीदार. त्यावर चार ते सहा खवले असतात, सगळे लहान-मोठे आणि एकावर एक चढलेले. रंग जांभळट-तपकिरी, वर राळेची चकाकी. चिमटीत धरून सोडलात तर बोटाला चिकटपणा जाणवतो.

आता रेड ऑल्डर किंवा माउंटन ऑल्डर घ्या. त्यांचा डोळा दोन-तीन मिलिमीटरच्या, कधी त्याहून लांब देठावर उभा असतो. टोक बोथट. खवले दोनच, फार तर तीन, आणि ते सारख्या लांबीचे, कडेला कड लावून मिटलेले. एकदा दोन्ही शेजारी शेजारी पाहिले की पुन्हा घोटाळा होत नाही. ही खूण मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते, कारण ती जानेवारीतही चालते, जेव्हा झुडपावर एकही पान नसतं.

शंकूंबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या तिसऱ्या फोटोत ते स्पष्ट आले आहेत आणि माझं उत्तर मुख्यतः त्यावरच उभं आहे. ऑगस्टमध्ये एकाच झुडपावर दोन पिढ्यांचे शंकू मिळतात. यंदाचे हिरवे आणि घट्ट मिटलेले, गेल्या वर्षीचे काळपट, वाळून उघडलेले. दोन्हींची लांबी दीड-दोन सेंटीमीटर. पण बघायची गोष्ट शंकू नाही, त्याचा देठ आहे. तुमच्या फोटोत प्रत्येक शंकू बारीक, लांब देठावर आहे. तो देठ शंकूइतका किंवा त्याहून लांब आहे, आणि ज्या फांदोऱ्यावरून तो निघाला त्याच फांदोऱ्यावर खाली पानंही आहेत. इतर दोन ऑल्डरमध्ये शंकूचा देठ आखूड आणि जाड असतो आणि तो फांदोरा बिनपानांचा असतो.

असं का होतं ते कळलं तर खूण आपोआप लक्षात राहते. ऑल्डरला नर फुलांचे लोंबते तुरे वेगळे आणि मादी फुलांचे छोटे तुरे वेगळे, पण दोन्ही एकाच झाडावर. रेड ऑल्डर आणि माउंटन ऑल्डर यांचे दोन्ही प्रकारचे तुरे शरद ऋतूतच बाहेर येतात, हिवाळाभर उघड्यावर राहतात आणि पानं फुटण्याआधी फुलतात. सिएटलमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये नाक वाहायला लागतं ना, त्यात रेड ऑल्डरच्या परागांचा वाटा मोठा असतो. सिटका ऑल्डरचे नर तुरे हिवाळ्यात उघडेच असतात, पण मादी तुरे डोळ्याच्या आत, खवल्यांखाली सुरक्षित राहतात. वसंतात डोळा फुटतो तेव्हा नवी फांदी, पानं आणि मादी तुरे एकदमच बाहेर पडतात. म्हणून त्याचे शंकू पानं असलेल्या कोवळ्या फांदोऱ्यावर लांब देठानं लटकलेले दिसतात. नर तुऱ्यांवरून मात्र निर्णय घेऊ नका, ते तिघांचेही जवळपास सारखेच दिसतात.

सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा गेलात तर उघडू लागलेला शंकू पांढऱ्या कागदावर झटका. चपटं, इवलं बी पडेल. सिटका ऑल्डरच्या बियांना दोन्ही बाजूंनी पातळ पापुद्र्याचे पंख असतात, बियांच्या अंगापेक्षाही रुंद. रेड आणि माउंटन ऑल्डरच्या बियांचे पंख अरुंद आणि जाडसर, कडेला नुसती किनार लावल्यागत. भिंगाखाली हा फरक लख्ख दिसतो.

पानाचंही सांगून टाकतो, कारण शेवटी डोळे पानांकडेच जातात. सिटकाचं पान कागदासारखं पातळ, खालच्या बाजूनंही तुकतुकीत, आणि कोवळं असताना चिकट. कड सपाट, दात बारीक आणि टोकदार, मोठ्या दातावर लहान दात. रेड ऑल्डरच्या पानाची कड खालच्या बाजूला दुमडलेली असते. पान उलटं करून कडेवरून नख फिरवा, ती दुमड हाताला लागते. एवढ्या एका परीक्षेत रेड ऑल्डर निकालात निघतो. माउंटन ऑल्डरचं पान जाडसर, निस्तेज, आणि त्याचे दात गोलसर असतात. शरद ऋतूत रंगाची अपेक्षा ठेवून गेलात तर ऑल्डर निराश करतात. व्हाइन मेपल लालभडक होतो, आणि ऑल्डर हिरवा असतानाच पानं टाकतो किंवा मळकट तपकिरी होतो. त्याचं कारण पुढे येईल.

बर्चची शंका सगळ्यात लवकर मिटते. बर्चचा शंकू पिकला की झाडावरच सुटा होऊन त्याचा भुगा पडतो, मागे फक्त मधली काडी उरते. ऑल्डरचा शंकू लाकडासारखा कडक होतो आणि बी गेल्यावरही वर्षभर फांदीला लटकून राहतो. तुमच्या फोटोतला तो काळा, रिकामा शंकू बर्चला बाद करायला पुरेसा आहे.

त्याच घळीत आणखी कोणाकोणाशी गल्लत होऊ शकते? व्हाइन मेपलची पानं समोरासमोर असतात, ऑल्डरची एकाआड एक. रानटी हेझलचं पान मखमली लागतं. कॅस्कारा नावाचं झुडूप पानाच्या सरळ, समांतर शिरांमुळे फसवतं, पण त्याला शंकू नसतात, काळी फळं येतात, आणि त्याच्या डोळ्यांवर खवलेच नसतात. डेव्हिल्स क्लब हे काटेरी झुडूप मात्र ओळखून ठेवाच. सिटका ऑल्डरच्या सावलीत, ओल्या जागी तो हमखास असतो, आणि तोल जाऊन आधारासाठी धरलात तर तळहातात काटे मोडतात.

आता जागेबद्दल. स्नो लेकच्या वाटेची सुरुवात सुमारे ३,१०० फुटांवर आहे. रेड ऑल्डर हा मुख्यतः खालच्या उंचीवरचा, किनाऱ्याजवळचा वृक्ष. एकच सरळ बुंधा, ८०-१०० फूट उंची, पांढुरकी साल. सिएटलच्या उद्यानांत आणि नदीकाठी जो दिसतो तो हाच. वाहनतळाच्या आसपास, खणलेल्या रस्त्याकडेला तो इतक्या उंचीवरही सापडतो, म्हणून केवळ उंचीवर विसंबू नका. माउंटन ऑल्डर हा कास्केडच्या पूर्व बाजूचा, कोरड्या प्रदेशातल्या ओढ्यांच्या काठाचा. तुम्ही उद्या त्या बाजूच्या लेव्हनवर्थ गावाच्या पुढे गेलात तर पाण्यालगत त्याचीच रांग दिसेल. सिटका ऑल्डरची हक्काची जागा म्हणजे बर्फ उशिरापर्यंत टिकतो आणि वितळत्या पाण्यानं जमीन ओली राहते असे उतार, घळी आणि ओहोळ. अलास्का, युकॉन आणि ब्रिटिश कोलंबियापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत आणि आत आयडाहो, मोंटानापर्यंत तो असाच आढळतो. अलास्कात तो थेट समुद्रसपाटीपर्यंत उतरतो.

तुम्ही विचारलंत, उतार उघडा का होता आणि तिथे मोठी झाडं का नव्हती? ती हिमस्खलनाची वाट आहे. या पर्वतांतला बर्फ किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, १९९८-९९ च्या हंगामात माउंट बेकरच्या स्की केंद्रावर १,१४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला होता. असा बर्फ उतारावरून सुटला की वाटेतले फर आणि हेमलॉक हे सूचिपर्णी वृक्ष कडाकड मोडतात. सिटका ऑल्डर मोडत नाही, वाकतो. पुढच्या खेपेला जाळीच्या कडेला बसून एका झुडपाचा बुंधा नीट बघा. जमिनीतून निघाल्या निघाल्या खोडं उताराच्या दिशेनं आडवी झालेली असतात, हात-दोन हात जमिनीला लागून जातात आणि मग वळण घेऊन वर उठतात. एकाच मुळातून अशी आठ-दहा खोडं. हिवाळ्यात ती बर्फाखाली सपाट झोपतात, वरून हिमस्खलन निघून जातं, आणि जूनमध्ये बर्फ वितळला की परत उभी राहतात. एखादं तुटलंच तर बुंध्यातून नवे फोक येतात. दरडीसारखा बर्फ वारंवार येत राहिला तर सूचिपर्णी वृक्ष तिथे कधीच मोठे होत नाहीत आणि जागा ऑल्डरकडेच राहते.

वाट सोडून या जाळीत शिरू नका, हे मनापासून सांगतो. सह्याद्रीत कारवीतून वाट काढलेल्यांना दाटपणाची कल्पना असेल, पण कारवी निदान सरळ उभी असते. इथे सगळी खोडं टोकं खाली करून तुमच्या अंगावर आलेली असतात. उतरताना ती पायाखाली घसरतात आणि चढताना छातीला अडतात. शंभर फूट जायला अर्धा तास गेला तरी नवल नाही.

हे झुडूप मला विशेष प्रिय आहे ते त्याच्या मुळांमुळे. ओहोळानं काठ कापून मुळं उघडी पाडलेली असतील तिथे बारकाईनं पाहा. मुळांवर पोवळ्याच्या गुच्छांसारख्या नारिंगी-तपकिरी गाठी दिसतील. त्यांत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन झुडपाला वापरता येईल अशा रूपात आणतात, बदल्यात झुडूप त्यांना साखर पुरवतं. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींचं काम हेच, पण तिथले जिवाणू वेगळ्या कुळातले. बहुतेक झाडं पानगळीआधी पानातला नायट्रोजन परत खोडात ओढून घेतात आणि त्या ओघात पानं पिवळी होतात. ऑल्डरला तेवढी काटकसर करावी लागत नाही. हिरवं पानच खाली पडतं, कुजतं आणि जमीन सुपीक करतं. त्यामुळेच दरड कोसळलेल्या, बर्फानं खरवडलेल्या, मातीचा पत्ता नसलेल्या जागी हे झुडूप उभं राहू शकतं.

अलास्कातल्या ग्लेशियर बेमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर दिसतं. तिथे हिमनदी मागे हटत गेली आणि मागे उघडे दगडगोटे राहिले. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१६ मध्ये तिथे कायमचे चौकोन आखून नोंदी सुरू केल्या, आणि त्या जागांचा पाठपुरावा पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवला. आधी शेवाळं आणि ड्रायस या बुटक्या झुडपाची चटई, मग सिटका ऑल्डरच्या जाळ्या, आणि त्यांनी तयार केलेल्या मातीत सिटका स्प्रूसचं जंगल, असा क्रम तिथे दिसून आला. आपल्या वॉशिंग्टन राज्यात माउंट सेंट हेलन्सचं उदाहरण आहे. १८ मे १९८० च्या स्फोटावेळी वरच्या उतारांवर अजून बर्फ होता. त्याखाली दबलेली बरीच झुडपं वाचली. आज स्फोटाच्या पट्ट्यातल्या ओल्या जागी सिटका ऑल्डरच्या जाळ्या आहेत. याउलट स्वित्झर्लंडमध्ये ग्रीन ऑल्डरची कटकट वाटते. गुरं वर न्यायची थांबली त्या डोंगरी कुरणांवर तो झपाट्यानं पसरतो आणि इतर रानफुलांना जागा उरत नाही. झुडूप चांगलं की वाईट, हे जागेवर ठरतं.

उत्तीसाबद्दलचा तुमचा तर्क बरोबर आहे. उत्तीस म्हणजे अल्नस नेपालेन्सिस, याच अल्नस वंशातला (जीनसमधला) हिमालयातला वृक्ष. पण तो सिटकाचा सख्खा भाऊ नाही, चुलत म्हणा. उत्तीसाचे डोळे देठावर असतात, म्हणजे तो रेड ऑल्डरच्या शाखेतला. शंभर फुटांपर्यंत वाढतो, पानांचे दात पुसटसे असतात, आणि फुलतो शरद ऋतूत. मुळांवरच्या गाठी मात्र त्याच, फ्रँकियाच्याच. सिक्कीम आणि दार्जिलिंगकडे मोठ्या वेलचीला सावली आणि खत दोन्ही मिळावं म्हणून तो राखतात. नागालँडच्या खोनोमा गावात झूम शेतीत त्याची खोडं माणसाच्या उंचीवर छाटून, नवे फोक येऊ देऊन वापरायची जुनी पद्धत आहे. सह्याद्रीत मूळचा ऑल्डर एकही नाही, त्यामुळे आपल्याकडून आलेल्या माणसाला हे झाड पहिल्यांदा परकं वाटणं अगदी साहजिक आहे.

पुढच्या वेळी खात्री करायची असेल तर चार फोटो घ्या. पानाच्या बगलेतला डोळा अगदी जवळून, शंकू त्याच्या देठासकट आणि तो जिथून निघाला त्या फांदोऱ्यासकट, पानाची खालची बाजू कडेसह, आणि थोडं लांबून अख्खं झुडूप, म्हणजे खोडाचं वळण दिसेल. पहिल्या दोन फोटोंत काम होतं. माउंट रेनियर, ऑलिंपिक किंवा नॉर्थ कास्केड्स या राष्ट्रीय उद्यानांत फांदी तोडायला बंदी आहे, आणि इतरत्रही तोडायची गरज पडत नाही.

तुम्ही हिवाळ्यात स्नोशू (बर्फावर चालायचे रुंद जोडे) घालून तिकडे जायचं म्हणताय, म्हणून एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. दोन्ही बाजूंना जुनं जंगल आणि मधल्या पट्ट्यात बर्फातून फक्त ऑल्डरचे शेंडे वर आलेले, असं दिसलं तर तुम्ही हिमस्खलनाच्या वाटेवर उभे आहात. शेंडेही दिसत नसले तर ते खाली दबलेले आहेत, वाट तीच आहे. १ मार्च १९१० रोजी इथून उत्तरेला, स्टीव्हन्स खिंडीजवळच्या वेलिंग्टनला अशाच उतारावरून आलेल्या बर्फानं दोन रेल्वेगाड्या दरीत लोटल्या आणि ९६ माणसं गेली. त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरचा स्नोक्वाल्मी विभागाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचा, आणि धोका ‘मध्यम’च्या वर असेल तर ऑगस्टमधली ही वाट सोडून दाट जंगलातली, सपाटीवरची दुसरी वाट निवडा.